इंटरनेट सेवापुरवठादारांचे नियमन आणि कोकण किनारपट्टी

इंटरनेट जोडणी विकणाऱ्या कंपन्यांचे दर, सेवेचा दर्जा आणि त्यांचे आपसांतले व्यवहार यांवर शासननियुक्त यंत्रणेने ठेवलेली देखरेख. भारतात हे काम प्रामुख्याने भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) करते. ही देखरेख निष्पक्ष असते का, हा वाद बहुधा सरकार आणि मोठ्या कंपन्या यांच्या नात्याभोवतीच फिरतो. कोकणातल्या ग्राहकाच्या दृष्टीने मात्र ट्राय नेमके काय मोजते आणि कोणाची तक्रार ऐकते, याला अधिक महत्त्व आहे.

विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. खासगी कंपन्यांना 1998 अखेरीस परवानगी मिळाली. तोवर धोरण ठरवणे, परवाना देणे आणि सेवा विकणे ही तिन्ही कामे सरकारच्याच छत्राखाली होती. 1997 च्या कायद्याने ट्राय अस्तित्वात आले. 2000 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन तंटे सोडवण्याचे काम टीडीसॅट या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे गेले आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला दूरसंचार विभागाच्या सेवाशाखेतून बीएसएनएल ही कंपनी निघाली. कागदावर खाती वेगळी झाली, मालक एकच राहिला.

शंकेची जागा इथेच आहे. ट्रायचे अध्यक्ष आणि सदस्य केंद्र सरकार नेमते. परवान्यांबाबत ट्राय केवळ शिफारस करते, ती सरकारवर बंधनकारक नसते. कायद्याच्या कलम 25 नुसार धोरणाच्या बाबतीत सरकारचे निर्देश ट्रायला पाळावे लागतात. बीएसएनएल तर सरकारचीच, आणि सरकारला देय असलेल्या थकीत रकमांचे समभागांत रूपांतर झाल्याने 2025 मध्ये व्होडाफोन आयडियातला सरकारचा वाटाही सुमारे 49 टक्क्यांवर गेला. परवाना देणारा, शुल्क घेणारा आणि भागधारक एकच असेल, तर नियामकाने कितीही सचोटी राखली तरी त्याच्याकडे संशयाने पाहिले जाणारच. दुसरा धोका उद्योगाकडून येतो. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे तेच कालांतराने नियामकाला आपल्या बाजूला वळवतात, असे प्रतिपादन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी 1971 मध्ये केले होते.

तरीही ट्राय सरसकट कोणाच्या मुठीत आहे, असे नोंदी सांगत नाहीत. 8 फेब्रुवारी 2016 च्या विनियमाने मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास बंदी आली आणि निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना भारतात थांबली. त्याआधी जाहीर सल्लामसलत झाली होती आणि लाखो लोकांनी मते कळवली होती. उलट कॉल तुटल्यास ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये, भरपाई देण्याचा ट्रायचाच नियम सर्वोच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये रद्द केला. नियम अवाजवी आणि प्रक्रिया अपारदर्शक ठरली. अमेरिकेत नेट तटस्थतेचे, म्हणजे कंपनीने सगळ्या मजकुराला समान वागणूक देण्याचे, नियम 2015 मध्ये आले, 2017 मध्ये गेले, 2024 मध्ये परतले आणि जानेवारी 2025 मध्ये न्यायालयात पडले. भारतात निदान एवढी धरसोड झालेली नाही.

कोकणची अडचण नकाशापासून सुरू होते. परवान्यांच्या दृष्टीने ‘कोकण’ नावाचे क्षेत्रच नाही. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याणचा पट्टा मुंबई क्षेत्रात मोडतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडचा बराचसा भाग महाराष्ट्र-गोवा क्षेत्रात. दर्जाचे आकडे वर्षानुवर्षे अशा क्षेत्रांच्या सरासरीत जाहीर होत आले. पुणे-नाशिकच्या गर्दीत गुहागर किंवा देवगडची एखादी वाडी त्या सरासरीत दिसणार कशी? टाळेबंदीत मुले रेंजसाठी सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जाऊन बसत होती, तेव्हाही क्षेत्राची सरासरी निकषात बसू शकत होती. यात कोणी लबाडी करावी लागत नाही. मोजपट्टीच तशी आहे. 2024 च्या दर्जाविषयक विनियमांनी कंपन्यांना आपल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावले. ही सुधारणा उशिरा आली, पण कामाची आहे.

याच विनियमांत जिल्हा पातळीवर सेवा 24 तासांपेक्षा जास्त बंद राहिल्यास पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. दंडाची रक्कमही 50 हजारांवरून एक ते दहा लाखांच्या टप्प्यांवर गेली. मात्र नैसर्गिक आपत्तीमुळे सेवा बंद पडल्यास ही सवलत लागू होत नाही. देशाच्या पातळीवर हा अपवाद रास्त वाटतो. 3 जून 2020 चे निसर्ग वादळ, मे 2021 चे तौक्ते आणि त्याच वर्षी 22 जुलैचा चिपळूणचा पूर पाहिलेल्या माणसाला तो तसा वाटणार नाही, कारण इथली मोठी बंदी येते तीच वादळवाऱ्यातून. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात वीज आणि फोन अनेक दिवस नव्हते. वादळ कंपनीच्या हातात नसते, हे खरे. टॉवरची बॅटरी किती तास टिकावी, डिझेल किती साठवावे, फायबर खांबावरून न्यावी की जमिनीखालून, हे निर्णय मात्र वादळाच्या कितीतरी आधी घेतलेले असतात. सरसकट अपवाद दिला की ते तपासले जात नाहीत.

ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंद करून क्रमांक घ्यायचा, मग कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचे. गावात लाइन ओढणारा आणि दरमहा पैसे नेणारा असतो स्थानिक केबलवाला; परवाना भलत्याच कंपनीच्या नावावर असल्याने अर्ज कोणाच्या नावे करायचा, इथेच अनेकजण अडतात. पावतीवर परवानाधारकाचे नाव नसेल तर ते आधी मागून घ्यावे. त्यापुढची वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. दूरसंचार सेवेबद्दलची तक्रार तिथे चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. एकट्यादुकट्या ग्राहकाला दिल्लीतल्या टीडीसॅटकडे जाता येत नाही, ग्राहकांच्या गटाला येते. सबंध वाडीची सेवा वारंवार बंद पडत असेल, तर हा गटाचा मार्ग कायद्याने खुला आहे.