ब्रेकचा लिव्हर मुठीला का टेकतो?

मोटारसायकलचा पुढचा डिस्क ब्रेक दाबल्यावर लिव्हर घट्ट लागण्याऐवजी ओल्या स्पंजासारखा दबत दबत मुठीपर्यंत येऊ लागला, की अनेक जण पॅड झिजले असे समजून ते बदलून घेतात. दोष बहुधा तेथे नसतो. पॅड झिजतात तसतसे कॅलिपरमधले (चाकापाशी डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातले) पिस्टन पुढे सरकून राहतात आणि वरच्या टाकीतले ब्रेक ऑइल तेवढे खाली उतरते, त्यामुळे केवळ झिजेने लिव्हरची चाल फारशी वाढत नाही. चाल वाढते ती बहुतेक वेळा ऑइलमध्ये शिरलेल्या हवेमुळे.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा 17 व्या शतकातील ब्लेझ पास्कल यांचा नियम येथे कामी येतो. मात्र द्रव जवळजवळ दबत नाही म्हणूनच हाताची हालचाल वाया न जाता पॅडपर्यंत पोहोचते. मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे लिव्हरने ऑइल ढकलणाऱ्या हँडलवरच्या सिलिंडरच्या, पिस्टनचा व्यास 12 मिलिमीटर धरला, तर तो 1 मिलिमीटर सरकल्यावर जेमतेम 0.11 घन सेंटिमीटर ऑइल ढकलतो. आता नळीत अर्धा घन सेंटिमीटर हवा अडकली आहे असे समजा. दाब वातावरणाच्या 30 पट झाला की ती हवा आक्रसून तिसाव्या हिश्शाएवढी उरते, म्हणजे तिला दाबण्यातच पिस्टनची 4 मिलिमीटरांहून अधिक चाल खर्ची पडते आणि बोटांपाशी तीच चाल पाच-सहा पटींनी वाढून 2 सेंटिमीटरांच्या पुढे जाते. तेवढेच ऑइल त्याच दाबाखाली हजारात एक-दोन भागांनीच दबते.

हवेइतकीच घातक वाफ. नेहमीचे ब्रेक ऑइल रबरी नळीतूनसुद्धा हळूहळू ओलावा शोषते. डॉट 4 प्रतीचे ताजे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. ताम्हिणीसारखा घाट सतत ब्रेक दाबत उतरताना कॅलिपर तापतो, जुने ऑइल उकळते आणि वाफेचे बुडबुडे हवेसारखेच दबतात. पायथ्याशी थांबून चहा घेईपर्यंत वाफेचे पुन्हा पाणी होते, ब्रेक पूर्ववत लागतो आणि गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. म्हणून चहाच्या रंगाचे झालेले ऑइल, टाकी भरलेली असली तरी, बदलावेच.

हवा काढताना हँडल असे वळवावे की टाकी सर्वांत उंच राहील. कॅलिपरच्या निपलवर (हवा काढण्याच्या पोकळ स्क्रूवर) रिंग पाना आणि पारदर्शक नळी चढवून नळीचे दुसरे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. लिव्हर दाबून धरावा, निपल किंचित सैल करून ऑइल निघू द्यावे, निपल पुन्हा आवळावे आणि त्यानंतरच लिव्हर सोडावा. हा क्रम चुकला किंवा टाकीतली पातळी खालच्या खुणेखाली गेली, तर काढली त्याहून अधिक हवा आत येते. तरीही मऊपणा उरला, तर मास्टर सिलिंडरला नळी जोडणाऱ्या बोल्टपाशी, त्या सर्वांत उंच कोपऱ्यात, हवा दडलेली असण्याची दाट शक्यता असते, कारण आपण ऑइल खाली ढकलत असताना बुडबुडा वर चढू पाहतो. अशा वेळी टाकीचे झाकण उघडून लिव्हर अगदी थोडा, हलक्या हाताने हलवत राहावा. तळाच्या बारीक छिद्रातून मोहरीएवढे बुडबुडे एकेक करून वर येताना स्पष्ट दिसतात. ऑइल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, अन्यथा रंग सुटतो.

एवढे करूनही लिव्हर एकसारखा दाबून धरल्यावर सावकाश मुठीकडे सरकत राहिला आणि बाहेर कोठेही गळती दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी वॉशर दाब धरत नाही असे समजावे. तो वॉशर बदलेपर्यंत कितीही वेळा हवा काढली, तरी लिव्हर तसाच सरकत राहील.