मास्क-गाऊनवर विषाणूचा मुक्काम किती?
(रामबाग, इंदूर येथील आमच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी)

काउंटरवर रोज कोणीतरी विचारतंच, "एन-९५ स्पिरिटने पुसला तर चालेल ना?" नाही चालत. परवा एक काकू धुऊन, वर इस्त्री फिरवलेला मास्क बदलून मागायला आल्या. साबणाचा छान वास येत होता आणि मधला भाग वितळून काचेसारखा चकचकीत झाला होता! बदलून दिला नाही, पण हा कागद तेव्हाच लिहायला घेतला.

मास्कच्या मधल्या थरात पॉलिप्रॉपिलीनचे अतिबारीक धागे असतात आणि त्यांच्यावर स्थिर वीज भरलेली असते. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसे हे धागे बारीक कण ओढून धरतात. साबण किंवा स्पिरिट लागलं की ती वीज जाते. मास्क दिसतो धडधाकट, पण गाळतो कमी.

मग विषाणूचं काय करायचं? त्याला वाट पाहायला लावायची. २०२० साली हाँगकाँगच्या संशोधकांनी २२ अंश तापमानात वेगवेगळ्या वस्तूंवर करोना विषाणू ठेवून पाहिला. कागदावर तीन तासांनी काही उरलं नाही, सुती कापडावर दोन दिवसांनी. सर्जिकल मास्कच्या आतल्या बाजूला तो चौथ्या दिवशीही सापडला, बाहेरच्या बाजूला तर सातव्या दिवशीसुद्धा, अर्थात हजारात एक भाग इतकाच. कापड थेंब शोषून घेतं, प्लास्टिकच्या धाग्यावर तो तसाच बसून राहतो. फ्लूचा विषाणू कापडावर आठ-बारा तासच तग धरतो. प्रयोगात विषाणू भरपूर ओततात, घरी एवढा पडत नाही. म्हणून आकडे ऐकून घाबरू नका.

घरी आजारी माणसाची सेवा करताना एकच मास्क रोज वापरू नका. पाच मास्क घ्या (विकायला म्हणून सांगत नाही!), पाच कागदी पिशव्यांवर वार लिहा, खुंटीला लांब-लांब टांगा. सोमवारचा मास्क पुन्हा शनिवारी. आजीच्या सोवळ्याच्या दांडीला कोणी हात लावत नसे, तसंच हे. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट राहतं. दोऱ्या सैल झाल्या, मास्क ओला झाला, नाकावर नीट बसेना, की टाकून द्या. ही सोय घरापुरती आहे. दवाखान्यात तिथल्या नियमांप्रमाणेच वागा.

आमचे सुती गाऊन मात्र खुशाल धुवा. करोना आणि फ्लूच्या विषाणूंवर चरबीचं आवरण असतं, साध्या साबणाने ते फुटतं. धुण्याआधी झटकू नका. पांढरे नॉनवोव्हन (न विणलेल्या कापडाचे) गाऊन एकदाच वापरायचे असतात, ते धुऊ नयेत.

टाकायचा मास्क कापून कागदी पिशवीत ७२ तास ठेवा, मग कचरागाडीत टाका. कापायचं यासाठी, की कोणी उचलून, पुसून पुन्हा विकू नये.

मास्क काढताना दोऱ्यांना धरा, पुढच्या भागाला नाही. आणि मग हात धुवा.