मोटारशर्यत व मोटारप्रदर्शन छायाचित्रणातील लेन्स

मोटारशर्यती, रॅली आणि मोटारींची प्रदर्शने टिपताना किती फोकल लेंग्थची (पाठ्यपुस्तकात हिलाच नाभीय अंतर म्हणतात) आणि किती मोठ्या ॲपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची) लेन्स घ्यायची, हा छायाचित्रणातला जुना व्यावहारिक प्रश्न आहे. गाडी वेगवान असते म्हणून लेन्स लांबलचक लागते, हा समज अर्धाच खरा. वेगाचा हिशेब मुख्यतः शटरशी असतो. लेन्स ठरते ती छायाचित्रकाराला कुठे उभे राहू देतात यावरून.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो थेट रस्त्याच्या कडेला उभा राही, त्यामुळे साध्या लेन्सवर काम भागे. झाक आंरी लार्तीग या फ्रेंच छायाचित्रकाराचे १९१२ च्या ग्राँ प्रीचे म्हणून प्रसिद्ध असलेले चित्र याच काळातले. त्यात गाडीचे चाक अंडाकृती होऊन पुढे झुकले आहे, आणि कडेचे प्रेक्षक मागे कलले आहेत. त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट छायाचित्राच्या काचेच्या प्लेटवरून उभी सरकत होती आणि त्याच वेळी तो कॅमेरा गाडीमागे फिरवत होता, पण गाडीपेक्षा जरा हळू. तांत्रिकदृष्ट्या ही चूकच. पण वेग म्हणजे पुढे झुकलेले चाक ही खूण अशाच चित्रांनी लोकांच्या डोळ्यांत रुजवली. लुई क्लेमंटास्कीने तर १९५७ च्या इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत पीटर कॉलिन्सच्या फेरारीत सहचालकाच्या जागी बसून छायाचित्रे काढली. पुढे सुरक्षेचे नियम कडक होत गेले. खडीचे पट्टे, टायरच्या भिंती आणि उंच जाळ्या आल्या. छायाचित्रकार जसजसा मागे ढकलला गेला, तसतशी लेन्स लांबत गेली.

किती लांब, याचे गणित सोपे आहे. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यात सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते. ३६ ला अंतराने गुणायचे आणि चित्रात जेवढी रुंदी हवी तिने भागायचे. दोन्ही आकडे मीटरमध्ये घेतले की उत्तर मिलिमीटरमध्ये येते. पाच मीटर लांबीची गाडी आडवी, पुढेमागे थोडी मोकळी जागा ठेवून टिपायची, म्हणजे रुंदी सात मीटर. गाडी ५० मीटरवर असेल तर २५७, १०० मीटरवर असेल तर ५१४. त्याहून लहान, एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर हे उत्तर दीडने भागायचे (कॅननच्या बाबतीत १.६ ने), म्हणून त्या कॅमेऱ्यावर ७०-२०० मिमी. लेन्सही कामाची ठरते.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर (लांबी ५.१२५ किमी.; २०११ ते २०१३ येथे फॉर्म्युला वन झाली, २०२३ मध्ये मोटरसायकलींची मोटोजीपी) प्रेक्षकांच्या स्टँडपासून ट्रॅक बराच दूर आहे. तिकीट काढून आलेल्याने ४०० मिमी.पेक्षा कमी लेन्स नेली तर चित्रात डांबरच जास्त येते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक (३.७१७ किमी.) आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आकाराने लहान आहेत. १०० ते ४०० किंवा १५० ते ६०० मिमी.ची झूम हा सामान्य शौकिनाचा खरा मित्र. निकॉनची २००-५०० एफ/५.६ ही लेन्सही याच पंक्तीतली (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके ॲपर्चर मोठे). वजन मात्र विचारात घ्यावे. ही निकॉन २.३ किलोची आहे आणि दुपारी दोनपर्यंत ती चार किलोची वाटू लागते. एकपायी मोनोपॉड म्हणूनच सोबत लागतो.

व्यावसायिकांच्या हाती दिसणारी ४०० मिमी. एफ/२.८ ही वेगळी गोष्ट. तिचा उपयोग संध्याकाळच्या मंद प्रकाशात आणि जाहिरातींच्या फलकांनी भरलेली पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी होतो. तिचा तोटा कमी लोक बोलून दाखवतात. ४० मीटरवर, एफ/२.८ ला स्पष्टतेची खोली (पुढून मागे जेवढा भाग धारदार दिसतो तो) जेमतेम पावणेदोन मीटर मिळते. समोरून येणाऱ्या फॉर्म्युला वन गाडीचे नाक धारदार असेल तर मागचा पंख विरघळलेला असतो. एफ/५.६ ला ती खोली दुप्पट होते. म्हणजे दिवसाच्या उजेडात महागड्या लेन्सचे मोठे ॲपर्चर अनेकदा वापरलेच जात नाही.

गाडीबरोबर कॅमेरा फिरवत टिपणे म्हणजे पॅनिंग. त्यात लेन्स आणि शटर यांची गाठ पडते. ताशी २१६ किमी. वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ६० मीटर जाते. दोन मीटर परिघाचे चाक तेवढ्या वेळात ३० फेरे घेते. १/१००० सेकंदात चाक फक्त ११ अंश फिरते, त्यामुळे चित्रात गाडी चक्क उभी केल्यासारखी दिसते. १/१२५ ला तेच चाक जवळपास पाव फेरा घेते आणि आरे एकमेकांत मिसळून वेग दिसू लागतो. सुरुवात १/२५० वर करून हात बसला की १/१२५, मग १/६० वर यावे. समोरून येणाऱ्या गाडीसाठी मात्र १/१००० बरे. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा पॅनिंगला अडथळाही ठरू शकते, कारण ती आडवी हालचालही थोपवू पाहते. कॅननच्या बहुतेक लांब लेन्सवर त्यासाठी ‘मोड २’ असतो: उभा थरकाप दुरुस्त होतो, आडवी हालचाल मोकळी राहते. जुन्या लेन्सवर ही सोय नसेल तर यंत्रणा बंद ठेवणे उत्तम.

सरावासाठी ट्रॅकच हवा असे नाही. पुणे जिल्ह्यातल्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात (धावपट्टीवर) ७०-२०० घेऊन एक दिवस काढला तर पॅनिंगचा हात बसतो. तिथली धूळही पुढच्या रॅलीची तयारी करून घेते.

रॅलीचे गणित ट्रॅकच्या उलट आहे. नाशिक परिसरात झालेल्या रॅली ऑफ महाराष्ट्रसारख्या स्पर्धांत गाडी मातीच्या रस्त्यावरून दहा-पंधरा मीटरवरून जाते, तेव्हा २४-७० मिमी. पुरते आणि उडणारी माती, डोंगर, झाडे सगळे चित्रात येते. धुळीत लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर माती ओतणे. म्हणून दोन कॅमेरे, दोन लेन्स. रुंद लेन्सने गाडी दूर भासते आणि माणूस नकळत पुढे सरकतो, हा तिचा खरा धोका. १९८६ च्या पोर्तुगाल रॅलीत फोर्ड आरएस२०० गर्दीत घुसून तीन प्रेक्षक मृत्युमुखी पडले. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहू नये, कोणतीही लेन्स असली तरी.

जाळीमागून टिपायचे झाल्यास लांब लेन्स आणि उघडे ॲपर्चर ही जोडी जाळीला जवळपास अदृश्य करते. मात्र लेन्स जाळीच्या अगदी जवळ आणि जाळीचा तेवढा भाग सावलीत हवा. उन्हात चमकणारी तार सगळ्या चित्रावर पांढुरका पडदा आणते. फोकस लिमिटर (जवळच्या वस्तूवर फोकस होऊ न देणारी कळ) लावला की लेन्स तारेवर अडकत नाही. तापलेल्या डांबरावरची थरथरणारी हवा मात्र कोणत्याही लेन्सने जात नाही. ६०० मिमी.ने दूरची गाडी ओढून आणली की थरथरही सोबत येते. सकाळी लवकर जावे किंवा जवळची जागा शोधावी.

प्रदर्शनात गाडी जागची हलत नाही, अडचण गर्दीची असते. जागा नाही म्हणून २४ मिमी. घेऊन जवळ गेले की बॉनेट फुगते, मागचे चाक खेळण्यातले वाटते. गाडीचे खरे प्रमाण ५० ते ८५ मिमी.च्या आसपास दिसते, त्यासाठी सहा ते दहा मीटर मागे सरकावे लागते आणि तेवढ्यात मध्ये कोणीतरी सेल्फी काढायला येते. दरवाजे उघडताच पहिल्या अर्ध्या तासात पोहोचणे, हा यावरचा स्वस्त उपाय. ८५ मिमी. एफ/२ ला पाच मीटरवर स्पष्टतेची खोली साधारण ४० सेंमी. असते, चार मीटरच्या गाडीला ती काय पुरणार? निदान एफ/८ हवे. बोधचिन्ह, मीटरची तबकडी, शिलाई यांसाठी ९० किंवा १०० मिमी. मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स. सभागृहातले दिवे विजेच्या ५० हर्ट्झ पुरवठ्याबरोबर सेकंदाला शंभरदा लुकलुकू शकतात, तेव्हा शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले की चित्रात पट्टे उमटत नाहीत.

मुंबईतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या फेरीत जुन्या गाड्या ताशी वीस किमी.ने जातात. १/१२५ ला त्यांच्या चाकाचा आरान्‌आरा मोजता येतो, म्हणून इथे १/३० हवे. गाडी जितकी संथ, शटर तितके संथ.

ध्रुवीकरण फिल्टर लेन्सवर लावला की रंगावरची आणि काचेवरची चकाकी कमी होते, पण क्रोमवर त्याचा परिणाम होत नाही. कडक केलेल्या बाजूच्या काचांवर तर ठिपक्यांची नक्षी उमटते. शिवाय दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). काळ्या गाडीच्या दारात छायाचित्रकार स्वतः दिसतो, त्यावर फिल्टर फारसा चालत नाही. मागे सरकून ७०-२०० लावली की ते प्रतिबिंब लहान होते आणि मुद्दाम गडद शर्ट घातला असेल तर दिसेनासे होते.