गॅस कमी, बर्फ जास्त

एसीच्या आतल्या युनिटमधल्या कॉइलवर (खोलीतली हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) बर्फ धरला म्हणजे कूलिंग जोरात चाललंय, असं समजणारे पुष्कळ भेटतात. काहींच्या मते गॅस जास्त भरला गेलाय. खरं तर बर्फाने भरलेला एसी खोली धड गार करतच नाही, आणि गॅसचा दोष असलाच तर बहुधा तो कमी झालेला असतो. गॅस कमी असताना कॉइल जास्त गार का व्हावी? मला एसीतली हीच गोष्ट सगळ्यात आवडते, म्हणून आधी ती.

कुकरमध्ये दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. एसीत हाच नियम उलट्या बाजूने वापरलाय. आपण ज्याला ‘गॅस’ म्हणतो, ते हल्लीच्या बऱ्याच एसींमधलं आर-३२ हे रसायन मोकळ्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांनाच उकळतं. दाब १० बारच्या आसपास (मोकळ्या हवेच्या साधारण दहापट) ठेवला, तर ते साधारण ७ अंशांना उकळतं. उकळायला लागणारी उष्णता ते खोलीतल्या हवेतून ओढून घेतं, हवा गार होते आणि तिच्यातली वाफ कॉइलवर पाणी होऊन ड्रेनच्या पाइपातून जाते. इथवर सगळं ठीक. पण दाब ८ बारपर्यंत उतरला, की उत्कलनबिंदू शून्यावर येतो. त्याखाली गेला, की कॉइलवरचं पाणी गोठायला लागतं.

आता समजा, गॅस गळून कमी झाला. कॉम्प्रेसर मात्र कॉइलमधली वाफ आधीसारखीच ओढतोय. साहजिकच कॉइलमधला दाब पडतो. जे थोडं द्रव येतं, ते कॉइलच्या तोंडाशीच उकळून संपतं. तेवढा कोपरा उणे तापमानात आणि बाकीची कॉइल कोमट! बर्फ दिसतो, पण खोली गार होत नाही, ती यामुळे.

गॅस पुरेसा असूनही बर्फ धरू शकतो. फिल्टर धुळीने बुजला की कॉइलवरून हवा कमी जाते, द्रवाला उकळायला उष्णता मिळत नाही, वाफ कमी बनते आणि दाब पुन्हा पडतो. पावसाळ्यातल्या थंड रात्रीही असं होतं, कारण आउटडोअरमधला (बाहेरच्या युनिटमधला) दाबच उतरलेला असतो आणि कॉइलकडे द्रव कमी ढकललं जातं. त्यात बर्फ स्वतःच स्वतःला वाढवतो. उष्णतावाहकतेत तांबं ४०० च्या घरात (वॅट प्रति मीटर-केल्विन), घट्ट बर्फ जेमतेम २.२, आणि कॉइलवरचा भुसभुशीत, हवा कोंडलेला थर त्याच्याही खाली. तो उष्णता अडवतो, फिनांमधली (नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांमधली) फट बुजवतो, दाब आणखी पडतो, बर्फ आणखी वाढतो.

दोष कुठे आहे, ते बऱ्याचदा बर्फाच्या जागेवरूनच कळतं. आउटडोअरला दोन नळ्या जोडलेल्या असतात, एक पातळ, एक जाड. साध्या घरगुती स्प्लिटमध्ये पातळ नळीच्या व्हॉल्व्हवर पांढरं हिम आणि जाड नळी कोरडी, कोमट असेल, तर गॅसवर संशय घ्यावा. सगळ्या कॉइलवर सारखा थर आणि जाड नळीही बर्फाळलेली असेल, तर हवा अडलीय. फिल्टर नळाखाली धुवा आणि ब्लोअरच्या (आतल्या युनिटमधल्या पंख्याच्या) पात्यांवर टॉर्च मारून बघा. तिथे साचलेली धूळ फिल्टर धुऊन जात नाही.

दर उन्हाळ्यात ‘थोडा गॅस टॉप-अप करून घ्या’ म्हणणाऱ्यांचं मात्र ऐकू नका. गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला म्हणजे गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला पुन्हा गळणार. रिमोटवर १६ लावलं की खोली लवकर गार होते, हीही एक अंधश्रद्धाच. इन्व्हर्टर नसलेल्या एसीत त्याने कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ चालू राहतो.

बर्फ स्क्रू-ड्रायव्हरने टोकरू नका, नळीला भोक पडलं तर सगळाच गॅस जाईल. कूलिंग बंद करून नुसता फॅन दोन-तीन तास चालवा आणि खाली बादली ठेवा. मेकॅनिकला दाब मोजायचा गेज लावू द्यायचा तो बर्फ पूर्ण वितळल्यावर आणि धुतलेला फिल्टर बसवून एसी थोडा वेळ चालल्यावरच. बर्फ असताना दाब कमीच दिसणार, मग गॅस पुरेसा असला तरी ‘गॅस कमी आहे साहेब’ म्हणायला तो मोकळा.