कुत्र्याची जखम भरायला त्याचंच रक्त: पीआरपी उपचाराविषयी थोडं

‘रक्त काढून त्याचंच औषध करतात, ते तुमच्याकडे होतं का?’ असं विचारत हल्ली बरेच जण कुत्रा घेऊन आमच्या दवाखान्यात येतात. होतं. त्यालाच पीआरपी म्हणतात, म्हणजे प्लेटलेट पेशी दाटीवाटीने भरलेला रक्तातला द्रव. पण प्रत्येक कुत्र्याला ते लागत नाही, आणि ज्याला लागतं त्यालाही पहिल्याच दिवशी करता येत नाही. का, ते या पत्रकात लिहिलं आहे. घरी नेऊन निवांत वाचा. टेबलावर कुत्रा ओरडत असताना सांगितलेलं निम्मं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

कोणत्या जखमेला

ताजी, स्वच्छ, कडा जुळणारी जखम असेल तर धुऊन टाके घातले की काम झालं. तिथे पीआरपीवर पैसे घालवू नका, आम्हीही करणार नाही. हा उपचार रेंगाळलेल्या जखमांचा. गाडीखाली येऊन पायाची कातडी सोलवटली आणि ओढून टाके घालायला कातडीच उरली नाही, टाके उसवून जखम उघडी पडली, किंवा जांभ्या दगडावर बसून बसून कोपराला पडलेली जखम महिनोन्‌महिने ओलीच राहिली, अशा वेळी त्याचा विचार करायचा. मिरकरवाडा बंदराकडची कुत्री गळ रुतून किंवा कालवांच्या शिंपल्यांनी तळवा कापून घेऊन येतात. तळव्यावर सतत भार पडतो, त्यामुळे तीही जखम पटकन धरत नाही.

बिबट्याने धरलेल्या कुत्र्याबद्दल वेगळं सांगायला हवं. मानेवर वाटाण्याएवढी दोन-चार भोकं दिसतात, रक्तही फारसं नसतं. ‘वाचला बिचारा’ म्हणत माणसं हळद दाबून त्याला घरीच ठेवतात. केस भादरून पाहिलं तर भोकातून घातलेली सळई आत बोटभर सरकते, कारण सुळे रुतल्यावर हिसका बसून कातडी खालच्या मासापासून सुटलेली असते. त्या पोकळीत काही दिवसांत पू भरतो आणि वरची कातडी काळी पडून गळून जाते. म्हणून असा कुत्रा त्याच दिवशी आणा. चावा कुणाचाही असला तरी रेबीजचं पाहावंच लागतं: जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, आणि त्याची लाळ तुमच्या हातावरच्या ओरखड्याला लागली असेल तर तुम्हीही सरकारी रुग्णालयात दाखवा.

रक्तात असतं काय

रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी तुम्हाला डेंग्यूमुळे माहीत आहेतच. निरोगी कुत्र्याच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. रक्त थांबवणं हे त्यांचं अर्धं काम. त्यांच्या पोटात बारीक दाणे असतात आणि जखम झाली की त्यातून वाढीची प्रथिनं बाहेर पडतात. ती नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतात, कातडी आणि तंतू विणणाऱ्या पेशींना जखमेकडे बोलावतात. पीआरपी म्हणजे याच पेशी थोड्याशा द्रवात दाटीवाटीने गोळा करणं, बहुधा मूळ रक्ताच्या तिप्पट ते पाचपट.

मानेच्या शिरेतून सिरिंजने रक्त काढतो, नळीत ते गोठू न देणारं सायट्रेट आधीच घातलेलं असतं. ‘एवढं रक्त काढल्यावर अशक्त होईल का?’ हा ठरलेला प्रश्न. किलोमागे साधारण ८५ मिलिलिटर रक्त धरलं तर वीस किलोच्या गावठी कुत्र्याच्या अंगात ते दीड लिटरच्या वर असतं. आम्ही घेतो दहा ते वीस मिलिलिटर. त्याला कळतही नाही.

नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात आधी हळू फिरवतो. तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर द्रव (प्लाझ्मा) राहतो आणि दोघांच्या मधे सायीएवढा पातळ पांढरा थर. तो पिवळा द्रव काढून पुन्हा जोरात फिरवला की प्लेटलेट तळाशी येतात. वरचा बराचसा द्रव टाकून दिला की दहा मिलिलिटर रक्तातून जेमतेम एक-दोन मिलिलिटर कामाचं उरतं. त्यात कॅल्शियम घातलं की काही मिनिटांत ते थिजतं, आणि हे थिजलेलं जखमेवर पसरतो. काही वेळा कडेने कातडीखाली टोचतो.

याचाच एक भाऊ आहे, पीआरएफ. फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ साली माणसांच्या दातांच्या शस्त्रक्रियांसाठी ही पद्धत मांडली. यात सायट्रेट नाही की कॅल्शियम नाही. रक्त कोऱ्या नळीत घेऊन लगेच फिरवायचं, म्हणजे फायब्रिनची, गुठळी धरून ठेवणाऱ्या धाग्यांची, लवचिक चकती तयार होते. ती उचलून खोल जखमेत बसवता येते आणि तिच्यातली प्रथिनं हळूहळू सुटत राहतात. पण रक्त काढल्यापासून यंत्र सुरू होईपर्यंत दोन मिनिटं गेली तरी नळीतच गुठळी होते. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून यंत्र इन्व्हर्टरवर ठेवलं आहे.

आधी रक्ततपासणी का

हा उपचार कुत्र्याच्या स्वतःच्या प्लेटलेटवर चालतो. त्याच कमी असतील तर दाटीवाटीने गोळा काय करणार? कोकणातल्या दमट हवेत गोचिडी बारमाही, आणि तपकिरी गोचिडीतून येणारा एर्लिकिया हा ताप नेमका प्लेटलेटवरच घाला घालतो. कुत्रा वरून धडधाकट दिसतो, फक्त जेवण कमी होतं. कधी नाकातून रक्त येतं, कधी पोटावर जांभळे ठिपके दिसतात. असं निघालं तर आधी डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक, बहुधा चार आठवडे, आणि प्लेटलेट वर आल्यावर पीआरपी. घरातल्या दुसऱ्या कुत्र्याचं रक्त वापरा, असं सुचवू नका. त्याच्या रक्तातला आजार याला लागेल.

जखमेच्या जागी गाठ असेल आणि ती कर्करोगाची असण्याची शंका असेल, तरीही हा उपचार नाही. वाढीची प्रथिनं तिथे नकोत.

तसंच पू, सडकं मास किंवा अळ्या असलेल्या जखमेवर पीआरपी घालणं म्हणजे पैसे गटारात. पावसाळ्यात आधी अळ्या एकेक काढणं, सडका भाग कापणं आणि रोजचं ड्रेसिंग यातच आठवडा जातो. तळाला लालसर दाणेदार मास दिसू लागलं, बोट लावताच टिपूस रक्त येऊ लागलं, की जमीन तयार झाली.

गुण किती येतो? खरं सांगायचं तर कुत्र्यांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत जखम लवकर आक्रसली, काहींत साध्या ड्रेसिंगपेक्षा फरक दिसला नाही. आमच्या मते रेंगाळलेल्या जखमेला तो एक धक्का देतो. पुढचं काम चांगलं ड्रेसिंग आणि मालकाची चिकाटी करते.

घरी काय लावू नये

फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन, डांबरगोळीची पूड, चुना. यांनी अळ्या मरतात, पण भरू पाहणाऱ्या पेशीही जळतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटतं, पण रोज वापरलं तर तेही तेच करतं.

आणि समुद्राचं पाणी. ‘खाऱ्या पाण्यात पोहवला की जखम सुकते’ हे भाट्यापासून जयगडपर्यंत ऐकू येतं. सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, समुद्रात सुमारे ३५. वर बंदरातली घाण वेगळीच. धुवायचंच तर एक लिटर पाणी उकळून गार करा, त्यात चहाचा दीड चमचा मीठ विरघळवा आणि त्याने धुवा.

माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मुळीच देऊ नका. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती घातक आहेत. अ‍ॅस्पिरिनने तर प्लेटलेटच निकामी होतात. आधी काही दिलं असेल तर लपवू नका, आम्ही रागावणार नाही. तारीख थोडी पुढे ढकलू, इतकंच.

उपचारानंतर

पट्टी आम्ही सांगितलेल्या दिवसापर्यंत सोडायची नाही. चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला शंकूसारखा कोन रात्रीसुद्धा काढायचा नाही; एका रात्रीच्या चाटण्यात सगळं जातं. पायाची जखम असेल तर बाहेर नेताना पट्टीवर सलाइनची रिकामी पिशवी कापून बांधा, आमच्याकडून मोफत न्या. घरी आल्यावर ती काढायचीच, नाहीतर आत घाम साचून पट्टी कुजते. पट्टीला वास आला, वरून ओल झिरपली किंवा बोटं सुजली तर ठरल्या तारखेची वाट पाहू नका.

डोळ्याच्या जखमेचं थोडं वेगळं. पग, शिह त्झू यांच्या बुबुळावर व्रण झाला तर रक्त नळीत गोठू देऊन, फिरवून वर राहणारा द्रव, म्हणजे सीरम, थेंब म्हणून देतो. बुबुळ विरघळवणाऱ्या घटकांना ते आवरतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, टोक डोळ्याला लावायचं नाही, लिहिलेल्या तारखेनंतर फेकायची.

येताना

आदल्या रात्री लवकर जेवण द्या, सकाळी उपाशी आणा. पाणी चालेल. मासळीचं तेलकट कालवण खाऊन आलेल्या कुत्र्याचा प्लाझ्मा दुधाळ निघतो आणि थर नीट कळत नाहीत. जुन्या तपासण्यांचे कागद आणि चालू औषधांची पाकिटं सोबत घ्या. तास-दीड तास लागेल. तपासणी, नळ्या आणि ड्रेसिंग धरून खर्च किती ते रक्त काढण्याआधीच सांगू. तो ऐकून ‘नको’ म्हणालात तर साधं ड्रेसिंग त्याच दिवशी सुरू करू.