फ्लेमिंगो चौकात कसे आले

घारापुरीला एके काळी काळ्या पाषाणाचा अखंड हत्ती उभा होता. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते त्याच्यावरून. १८६४ मध्ये विलायतेला न्यायच्या खटाटोपात तो फुटला. पुढे तुकडे जोडून भायखळ्याच्या बागेत उभा केला. गडांच्या दरवाजांवरचे शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) आणि गंडभेरुंड (दोन तोंडांचा पक्षी) तर ओळखीचेच. दोन प्राणी एकात घडवायची हौस आपल्याकडे जुनी आहे, एवढं पुरे.

ठाणे खाडीत फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसू लागले ते नव्वदच्या दशकात. छोटा रोहित, म्हणजे लहान जातीचा फ्लेमिंगो, जगतो नील-हरित शेवाळावर, रंगही त्यातूनच घेतो, आणि सांडपाण्यामुळे ते फोफावलं असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे त्या गुलाबी रंगात थोडा वाटा आपल्या गटारांचाही. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. नवी मुंबई स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवू लागली आणि पक्षी शिल्पं होऊन चौकांत, दुभाजकांवर उतरले.

खरी गोम पालिकेच्या 'सुशोभीकरण' या शब्दात आहे. भिंतीवरची चित्रं, दुभाजकातली झाडं, दिव्यांच्या माळा आणि शिल्प, सगळं याच सदरात. मग कामाची उंची ठरते, साहित्य ठरतं, मुदत ठरते. कल्पना कोणाची हे विचारायला जागाच उरत नाही. कागदावर शब्द येतो 'प्रतिकृती', म्हणजे फ्लेमिंगो फ्लेमिंगोसारखाच दिसला पाहिजे. मानेच्या जागी सांडपाण्याचा पाइप लावू पाहणारा शिल्पकार तिथेच बाद. थोडी मोकळीक दिली ती भंगाराने. 'टाकाऊपासून टिकाऊ'च्या नावाखाली गुडघ्याला बेअरिंग, पंखाला सायकलची चेन चालून जाते. अर्धा पक्षी, अर्धं यंत्र! आजचा शरभ म्हणावा तर हाच, आणि तोही शहरांच्या स्वच्छतेच्या स्पर्धेमुळे.

२०२४ मध्ये नेरूळच्या जेट्टीजवळच्या मोठ्या फलकावर आदळून फ्लेमिंगो मेल्याच्या तक्रारी झाल्या. फलक हटवला गेला. शेजारच्या तलावात भरतीचं पाणी येईना, तेव्हा वाद पेटला: ही पाणथळ की विकासाचा भूखंड? पाणथळ नव्हे, हा युक्तिवाद पक्षी चिखलात उभे असताना चालला होता. २०२५ मध्ये तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून राज्य पातळीवर मान्यता मिळाली.

रस्त्यावरच्या फायबरच्या पक्ष्यांचा गुलाबी उन्हापावसात फिका पडतो. नवा हात मारायचा खर्चही सुशोभीकरणातच धरतात.