विश्रामबाग वाडा

पुण्यातील बाजीराव रस्त्यावरील, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा लाकडी सांगाड्याचा दुमजली वाडा. बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. १८०७ हे साल बहुधा दिले जाते, पण ते पूर्तीचे की वास्तव्याच्या आरंभाचे याबाबत एकवाक्यता नाही. खर्च सुमारे दोन लाख रुपये सांगतात.

रचना तीन चौकांची. भार मुख्यतः सागवानी खांब-तुळयांवर असून खांब दगडी तळखड्यांवर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडांवर) उभे आहेत. त्यामुळे जमिनीची ओल थेट लाकडाला लागत नाही. दोन खांबांमधला खण हेच मोजमापाचे एकक.

वाड्याची खरी ओळख म्हणजे दर्शनी सज्जा आणि त्याचे सुरूचे, म्हणजे सुरूच्या झाडासारख्या निमुळत्या घाटाचे, खांब. खांब तळाशी कमळपाकळ्यांतून फुगीर निघतो, वर निमुळता होत जातो आणि पानांच्या नक्षीतून महिरपीला मिळतो. महिरपींच्या सांध्याशी कोरीव लाकडी केळफुले लोंबतात. हा खांब मराठी सुतारांनी मोगल वास्तूंवरून घेतला, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. मोगलांकडे तो कोठून आला, हा मात्र वादाचा विषय. एक मत त्याचे मूळ शाहजहानच्या दरबारी पोहोचलेल्या युरोपीय मुद्राचित्रांत (ठशांवरून छापलेल्या चित्रांत) शोधते. दुसरे पूर्णघटाच्या, म्हणजे पानाफुलांनी भरलेल्या मंगल कलशाच्या, भारतीय परंपरेवर भर देते. मोगल दगडी खांबाच्या घडणीपुरते पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. पण विश्रामबागेतला खांब लाकडात इतका मुरलेला आहे की केवळ ‘अनुकरण’ म्हणून त्याची बोळवण करणे अन्यायाचे होईल.

पेशवाई गेल्यावर, १८२१ मध्ये, विद्वानांना दक्षिणा देण्यासाठी असलेल्या दक्षिणा निधीतून येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढच्या डेक्कन कॉलेजचे मूळ ते हेच. मे १८७९ मध्ये लावलेल्या आगीत पुण्यातलाच पेशव्यांचा बुधवार वाडा नष्ट झाला आणि विश्रामबागेचा पूर्वेकडील भाग जळाला. तो लोकवर्गणी व नगरपालिकेच्या साहाय्याने पुन्हा उभारला गेला. त्यामुळे आजच्या वाड्यातले प्रत्येक लाकूड पेशवेकालीन समजणे चूक ठरेल. अभ्यासकाने दर्शनी भाग आणि पुनर्रचित भाग वेगळे वाचावेत.

विसाव्या शतकात नगरपालिकेची कचेरी व टपाल कार्यालय येथे होते. पुणे महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभी जतनकार्य हाती घेतले.